ब्यू : गाव म्हणावे की शहर?

वेलदोडा नावाचे एक गाव आहे. नॉर्वेचे लेखक तूरब्यॉर्न एग्नर यांनी १९५५ साली मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकात ते वसलेले आहे आणि नॉर्वेत लहानाचे मोठे झालेल्या बहुतेकांना ते गल्लीबोळांसकट ठाऊक असते. कार्देमोम्मे ब्यू हे त्याचे नाव. कार्देमोम्मे म्हणजे वेलदोडा. तिथे एक ट्राम धावते, मनोऱ्यात राहून हवामान पाहणारे म्हातारे तोबियास आहेत, मवाळ स्वभावाचे फौजदार बास्तियान आहेत आणि गावाबाहेर सिंह पाळून राहिलेले तीन चोरही आहेत. १९९१ मध्ये क्रिस्तियानसान शहराजवळच्या प्राणिसंग्रहालयात हे गाव खरोखरचे बांधून काढण्यात आले.

हेच पुस्तक शेजारच्या स्वीडनमध्ये गेले तेव्हा गावाचे नाव झाले कामोमिल्ला स्ताद. वेलदोड्याच्या जागी कॅमोमाइलची फुले आली, ती अनुवाद करणाऱ्यांची हौस म्हणून सोडून देता येईल. ‘ब्यू’ मात्र बदलावाच लागला असणार. दोन्ही भाषांत हा शब्द त्याच दोन रोमन अक्षरांत लिहितात, उच्चारही जवळपास सारखाच, पण तो ऐकून नॉर्वेच्या माणसाच्या डोळ्यांपुढे शहर येते आणि स्वीडनच्या माणसाच्या डोळ्यांपुढे खेडे. ट्राम धावणारे खेडे स्वीडिश मुलांच्या गळी उतरणे कठीण होते.

स्वीडिश मुलांचे स्वतःचे लाडके ‘ब्यू’ वेगळेच आहे. अस्ट्रिड लिंडग्रेन यांनी १९४७ साली बुलेरब्यूनच्या गोष्टी लिहिल्या. ‘बुलेर’ म्हणजे गलका आणि ‘ब्यून’ म्हणजे ‘तो ब्यू’. एका ओळीत तीन शेतकऱ्यांची तीन घरे, त्यांतली मुले, आजूबाजूला कुरणे; संपले गाव. लिंडग्रेन यांच्या वडिलांचे बालपण स्मोलान्द प्रांतातल्या सेवेदस्तोर्प या वाडीत गेले. तिच्यावरूनच हे गाव बेतले आहे. तीन घरांना ब्यू म्हणण्यात स्वीडिश कानाला काहीही खटकत नाही. डेन्मार्कचा माणूस मात्र कोपनहेगनचाही उल्लेख ‘ब्यू’ असाच करतो. ओरेसुन्दच्या सामुद्रधुनीवरचा पूल मोटारीने ओलांडायला दहा-पंधरा मिनिटे लागतात. तेवढ्यात या शब्दाची लोकसंख्या लाखांवरून शे-दोनशेवर येते.

उच्चाराचे आधी बघू, कारण देवनागरीत तो नीट पकडता येत नाही. ओठ ‘ऊ’ म्हणण्यासाठी गोल करायचे, ते तसेच ठेवायचे आणि तोंडातून ‘ई’ काढायचा. जो स्वर निघतो तो या शब्दातला. इंग्रजांना तो जमेनासा झाला तेव्हा त्यांनी सरळ ‘बी’ केले. आपल्याला ‘ब्यू’ त्यातल्या त्यात जवळचे, मात्र त्यात ‘य’ म्हणायचा नाही.

इतक्या छोट्या शब्दाच्या वाट्याला जुळी भावंडेही आली आहेत. स्वीडिशमध्ये वाऱ्याच्या अचानक आलेल्या झोतालाही ‘ब्यू’च म्हणतात, आणि रेडिओवर हवामानाचा अंदाज सांगताना त्याचे अनेकवचन हमखास कानी पडते. नॉर्वेजियनमध्ये ‘ब्यू’ हे क्रियापदही आहे. लिलावात बोली लावणे, पाहुण्याला खायला विचारणे, एखादीला नाचायला बोलावणे, ही सगळी कामे ते करते. या दोन्हींचा गावाशी संबंध नाही. ते वेगळ्या मुळांतून आले आणि झिजत झिजत योगायोगाने त्याच दोन अक्षरांवर येऊन थांबले.

गावाच्या ‘ब्यू’चे मूळ ‘बूआ’ या जुन्या नॉर्स क्रियापदात आहे. बूआ म्हणजे राहणे, वस्ती करणे, घरसंसार मांडणे. हे क्रियापद भलतेच लेकुरवाळे निघाले. घर धरून राहणारा तो ‘बोन्दी’, म्हणजे शेतकरी. घराचा धनी तो ‘हूसबोन्दी’, आणि इंग्रजीतला ‘हजबंड’ हाच. तात्पुरते राहण्याचे खोपट ती ‘बूद’. त्याचेच डॅनिश वळणाचे रूप इंग्लंडात गेले आणि ‘बूथ’ झाले. निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्रात गल्लोगल्ली दिसणारे बूथप्रमुख ज्या शब्दाचे प्रमुख असतात, तो मुळात उत्तर समुद्राकाठच्या व्यापाऱ्यांच्या खोपटाचा. जर्मन शेतकरी ‘बाउअर’ आणि दक्षिण आफ्रिकेत जाऊन इंग्रजांशी लढलेले डच ‘बोअर’ हेही याच कुळातले.

कुळाची मुळे याहून खोल जातात. भाषाशास्त्रज्ञ ‘बूआ’चा संबंध ज्या इंडो-युरोपीय धातूशी जोडतात, त्याचेच संस्कृत रूप म्हणजे ‘भू’ : असणे, होणे. ‘भवति’ त्यातून आले, ‘भूमि’ त्यातून, आणि राहण्याची जागा या अर्थाचे ‘भवन’ही. प्राकृतात ‘भवति’चे ‘होइ’ झाले आणि मराठीत ‘होणे’. जर्मानिक भाषांत ‘असणे’ या अर्थाने ‘राहणे’कडे वळण घेतले, आणि संस्कृतात ‘भवन’ने स्वतंत्रपणे तेच वळण घेतले. मुंबईच्या विधान भवनातला दुसरा शब्द आणि कोपनहेगनवाल्याचा ‘ब्यू’ हे असे दूरचे नातलग आहेत. स्वीडिशांनी शहरासाठी निवडलेला ‘स्ताद’ही आपल्याला परका नाही. ‘स्था’ धातूपासून आलेल्या ‘स्थान’चा तो भाऊबंद.

व्हायकिंग काळात ‘ब्यू’चा अर्थ ना शहर होता ना खेडे. नॉर्वेत आणि आइसलँडमध्ये तो होता एका कुटुंबाचा शेतवाडा : राहते घर, गोठा, कोठार आणि सभोवतालची कसलेली जमीन. आइसलँडमध्ये शब्दाचे रूप ‘बायर’ असे आहे आणि तिथे तो जुना अर्थ अजून जिवंत आहे. त्या बेटावर मोठी झाडे फारशी नव्हती. त्यामुळे लाकडाचा सांगाडा करून त्याभोवती गवताच्या मुळांसकट कापलेल्या मातीच्या विटा रचत आणि वर तीच हिरवळ पांघरत. हा ‘तोर्फबायर’. उत्तरेकडच्या ग्लोयम्बायर या ठिकाणी असा अख्खा वाडा संग्रहालय म्हणून जपला आहे. एका लांब अंधाऱ्या बोळातून दोन्ही बाजूंच्या खोल्यांत शिरायचे आणि टोकाला सगळ्या कुटुंबाने एकत्र बसून लोकर कातायची, जेवायचे, झोपायचे ती बैठी खोली. बाहेरून पाहिले तर गवताळ टेकाडांना लाकडी दरवाजे बसवल्यासारखे वाटते.

पण आइसलँडमध्येही शब्द फुगलाच. लोक बंदरांभोवती गोळा झाले, गावे झाली आणि त्या गावांनाही ‘बायर’च म्हणू लागले. रेक्याविकच्या बंदराजवळ १९३७ पासून सॉसेज भरलेला पाव विकणारी एक टपरी आहे, ‘बायआरिन्स बेस्तू पिल्सुर’ नावाची. अर्थ : गावातले सर्वांत चांगले सॉसेज. २००४ साली बिल क्लिंटन यांनी तिथे उभ्याने पाव खाल्ला, तेव्हापासून रांग आणखी वाढली. टपरीच्या नावात जो ‘गाव’ आहे तो देशाच्या राजधानीसाठी, आणि शब्द मात्र तोच, एका कुटुंबाच्या मातीच्या घराचा.

डेन्मार्क आणि दक्षिण स्वीडनच्या सपाट, सुपीक मुलखात गोष्ट वेगळ्या वाटेने गेली. तिथे शेतवाडे एकमेकांना खेटून उभे राहिले आणि ‘ब्यू’ म्हणजे त्या वाड्यांचा समूह झाला. या समूहाचे व्यवहार बघण्यासारखे होते. शेतजमीन मोठमोठ्या वावरांत विभागलेली, आणि प्रत्येक वावरात प्रत्येक घराची एक एक अरुंद पट्टी. त्यामुळे नांगर कधी घालायचा, कापणी कधी, गुरे कापलेल्या शेतात कधी सोडायची, कुंपण कोणी नीट करायचे, हे कोणालाही एकट्याने ठरवता येत नसे. एकाने गुरे लवकर सोडली की बाकीच्यांचे पीक गेलेच.

म्हणून सभा भरे. डॅनिशमध्ये तिला ब्यूस्तेव्ने म्हणत. गावतळ्याच्या काठी, बहुधा झाडाखाली, गोलाकार धोंडे मांडलेले असत आणि प्रत्येक शेतवाड्याचा धोंडा ठरलेला असे. सभा बोलावायची ती शिंग फुंकून. फुंकायचा मान ओल्डरमानचा, म्हणजे त्या वर्षी गावाने निवडलेल्या कारभाऱ्याचा. उशिरा आला, दंड. कुंपण मोडके, दंड. सभेत शिवी दिली, दंड. आणि दंड बऱ्याच ठिकाणी बियरच्या रूपात भरायचा, जी मग सगळ्यांनी मिळून प्यायची. नियम मोडणाऱ्याच्या खर्चाने गावाची एकी टिकवण्याची ही युक्ती कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, पण तिला दाद द्यायला हवी. डेन्मार्कमधल्या काही गावांत ते धोंडे अजून जागेवर आहेत.

त्या गावकीला पुढे सरकारनेच सुरुंग लावला. अठराव्या शतकात शेती सुधारण्याचे वारे वाहू लागले, आणि पट्ट्यापट्ट्यांची सामाईक शेती हा मोठा अडसर आहे, असे जमीनदारांचे आणि अर्थशास्त्र जाणणाऱ्यांचे मत झाले. डेन्मार्कमध्ये १७८१ च्या हुकमाने कोणाही जमीनमालकाला आपल्या विखुरलेल्या पट्ट्या एकत्र करून मागता येऊ लागल्या. स्वीडनच्या दक्षिण टोकाला, स्कोने प्रांतात, स्वानेहोल्मचे जमीनदार रुत्गेर मॅक्लीन यांनी १७८० च्या दशकात आपल्या गावांची जमीन चौकोनी तुकड्यांत आखून घेतली आणि कुळांना ज्याच्या त्याच्या तुकड्यावर जाऊन राहायला सांगितले. १८०३ साली हीच पद्धत स्कोनेसाठी कायदा झाली, आणि १८२७ च्या कायद्याने बाकी देशातही फेरवाटणीने जोर धरला. घरे लाकडी असत, ती ओंडका ओंडका सुटी करून, बैलगाड्यांवर घालून, नव्या शेतावर पुन्हा जोडली गेली. शेती सुधारली यात शंका नाही. पण जो ‘ब्यू’ शेकडो वर्षे एका तळ्याभोवती बसला होता, तो रानोमाळ पांगला. आज स्कोनेतून गाडीने जाताना दूर दूर एकेकटी शेतघरे दिसतात, ती त्या काळच्या मोजणीदारांच्या पट्टीने आखलेली आहेत.

मग एकाच शब्दाचे शहर आणि खेडे असे दोन तुकडे का पडले? स्वीडनच्या बंदरांत आणि बाजारपेठांत मध्ययुगात उत्तर जर्मनीच्या हान्सा संघाच्या व्यापाऱ्यांचा इतका वरचष्मा होता, की शहराच्या कारभाराची निम्मी भाषा त्यांची झाली. त्यांच्या ‘स्तात’च्या प्रभावाने ‘जागा’ एवढाच अर्थ असलेल्या स्वीडिश ‘स्ताद’ला शहराचा अर्थ चिकटला, आणि ‘ब्यू’ शेतकऱ्यांकडे राहिला. डॅनिशमध्ये व्यापाराचे हक्क असलेल्या गावाला ‘कोप्स्ताद’ म्हणत. तो शब्द त्या हक्कांबरोबर मागे पडला, आणि शहर असो वा खेडे, ‘ब्यू’ सर्वांसाठी मोकळा राहिला. खेडेच म्हणायचे असेल तर पुढे ‘लान्स’ जोडून ‘लान्सब्यू’ म्हणायचे. नॉर्वे १८१४ पर्यंत सव्वाचारशे वर्षांहून जास्त काळ डेन्मार्कशी जोडलेला होता आणि लिखापढी डॅनिशमध्ये चाले, म्हणून तिथेही शहराचा अर्थ रुजला. खेड्यांच्या मुलखासाठी नॉर्वेत ‘ब्युग्द’ हे त्याचे भावंड आहे. ‘ब्यू ओग ब्युग्द’ म्हटले की शहर आणि गावे, म्हणजे सगळा देश आला.

दैनंदिन बोलण्यात याची गंमत होते. डॅनिश तरुण शुक्रवारी रात्री ‘ब्यूत’ जातो, म्हणजे मित्रांबरोबर पिऊन नाचून यायला जातो. स्वीडिश कानाला तो खेड्यात निघाल्यासारखा वाटतो. गावातल्या बावळटाला स्वीडिशमध्ये ‘ब्यूफोने’ म्हणतात. डॅनिशमध्ये त्यासाठी ‘लान्सब्यूतोसे’ म्हणावे लागते, नाहीतर तो शहरी बावळट ठरेल. आणि ‘ब्यूहोला’ ही स्वीडिश शिवी खास कंटाळवाण्या, आडवळणी गावांसाठी राखून ठेवलेली आहे.

गावांच्या नावांत मात्र हा भेद उरत नाही, कारण नावे अर्थ बदलण्याच्या आधी पडली. गॉटलँड बेटावरचे विस्ब्यू हे हान्सा व्यापाऱ्यांचे तटबंदीचे शहर, १९९५ पासून युनेस्कोच्या यादीत. त्याच्या नावातला पहिला भाग ‘वी’ म्हणजे ख्रिस्ती धर्म येण्याआधीचे देवस्थान. स्टॉकहोमच्या मेट्रोच्या निळ्या मार्गावर रिंकेब्यू आणि हुसब्यू ही स्थानके लागतात. रिंकेब्यू म्हणजे लढवय्यांचे गाव आणि हुसब्यू म्हणजे राजाच्या मालकीचा शेतवाडा. १९६० आणि ७० च्या दशकांत सरकारने दहा लाख घरे बांधायचे मनावर घेतले, त्या योजनेतल्या इमारती तिथे उभ्या आहेत, आणि आता जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे त्यांत राहतात. त्यांच्या मुलांनी तुर्की, अरबी आणि इतर भाषांतले शब्द मिसळून जी स्वीडिश बोली घडवली, तिला ‘रिंकेब्यूस्वेन्स्का’ असे नावच पडले. हजार वर्षांपूर्वीच्या शिपायांच्या वस्तीचे नाव असे एका नव्या बोलीला लागले आहे.

हा शब्द समुद्र ओलांडून गेला तो तलवारीबरोबर, पण टिकला नांगरामुळे. ८६५ साली डॅनिश फौज इंग्लंडात उतरली. ८७६ च्या नोंदीत अँग्लो-सॅक्सन बखर सांगते, की सरदार हाल्फदान याने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या लोकांत वाटून दिली आणि ते लोक नांगर धरून पोट भरू लागले. त्यानंतर पूर्व आणि उत्तर इंग्लंडच्या नकाशावर ‘बी’ने संपणारी गावे उगवली. एकट्या लिंकनशायरमध्ये ती दोनशेच्या वर आहेत. ग्रिम्सबी हे ग्रीम नावाच्या माणसाचे, ऑर्म्सबी ऑर्मचे. सेल्बी विलोच्या झाडांचे, वेदरबी मेंढ्यांचे. सॉवरबी म्हणजे चिखलट, आंबट जमिनीचे गाव, आणि आइसलँडमध्ये अगदी त्याच अर्थाचे सौरबायर एकाहून जास्त ठिकाणी आहे. नावावरून सांगायचे तर दोन्हीकडच्या शेतकऱ्यांची तक्रार एकच होती.

या नावांतली सर्वांत बोलकी चार : डॅन्बी, नॉर्मनबी, अर्बी आणि इंगलबी. डॅनिशांचे गाव, नॉर्वेवाल्यांचे गाव, आयरिशांचे गाव आणि इंग्रजांचे गाव. शेवटच्या नावाशी जरा थांबावे. इंग्लंडात एखाद्या गावाला ‘इंग्रजांचे गाव’ म्हणून ओळखायची वेळ कधी येईल? भोवतालची सगळी गावे दुसऱ्यांची असतील तेव्हाच. हे व्हायकिंग किती संख्येने आले, यावर इतिहासकारांत बराच वाद झाला. पीटर सॉयर यांनी १९६२ साली मांडले, की फौजा फार मोठ्या नव्हत्या. नामशास्त्राचे अभ्यासक केनेथ कॅमेरॉन यांना या गावांच्या दाटीवरून फौजेमागोमाग शेतकऱ्यांची मोठी लाट आलेली दिसत होती. मूठभर सरदारांच्या धाकाने एखाद्या किल्ल्याचे नाव बदलेल, चिखलट रानाचे कोण बदलणार? या लेखापुरते तरी कॅमेरॉन यांचे पारडे जड वाटते.

काही ठिकाणी जुने नाव पुसून नवे बसले. यॉर्कशायरच्या किनाऱ्यावर स्ट्रेओनेसहाल्च नावाच्या मठात ६६४ साली नॉर्थम्ब्रियाच्या चर्चने रोमची पद्धत स्वीकारली. डॅनिशांनंतर तेच ठिकाण व्हिट्बी झाले, आणि ब्रॅम स्टोकरने १८९७ च्या कादंबरीत ड्रॅक्युलाला जहाजातून उतरवले ते याच किनाऱ्यावर. नॉर्थवर्दीचे डर्बी झाले. डर्बीच्या बाराव्या अर्लच्या नावाने १७८० मध्ये एप्समला घोड्यांची शर्यत सुरू झाली, आणि ते नाव मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सपर्यंत येऊन ‘इंडियन डर्बी’ झाले. रग्बी मात्र तोतया आहे. १०८६ च्या डूम्सडे पाहणीत त्याचे नाव रोशबेरी असे आहे, म्हणजे मूळ शेवट ‘बर्ग’चा, गढीचा. आजूबाजूच्या ‘बी’ गावांच्या संगतीने त्याचे शेपूट बदलले, आणि पुढे तिथल्या शाळेतला चेंडूचा खेळ जगभर गेला.

गावांवरून आडनावे पडली. किर्बी, सेल्बी, क्रॉस्बी, विलोबी ही सगळी आपल्याकडच्या ‘कर’ लावलेल्या आडनावांसारखी, मूळ गावाचा पत्ता सांगणारी. अमेरिकन कादंबरीतल्या जेम्स गॅट्झला श्रीमंत, खानदानी दिसायचे होते तेव्हा त्याने आपले नाव जे गॅट्सबी करून घेतले. नेमके हेच शेपूट का, ते लेखक फिट्झजेराल्डने सांगितलेले नाही. पण कान तयार असल्याशिवाय असे सुचत नाही.

चर्चचे गाव या एका नावाचा माग काढला तर व्हायकिंगांचा सगळा प्रवास हाती येतो. डेन्मार्कमध्ये किर्केब्यू, इंग्लंडात किर्कबी, फेरो बेटांवर चर्चयार्डासह किनाऱ्याला चिकटलेले किर्क्युबौर, आइसलँडमध्ये किर्क्यूबायर आणि त्यापुढे मठ जोडून किर्क्यूबाययारक्लोस्तुर. नॉर्मंडीत फ्रेंच तोंडात सापडून त्याचे कार्कब्यू झाले. तिथे आता कोणाला विचारले तर तो शब्द फ्रेंच नाही हे सहसा लक्षातही येत नाही.

मराठी वाचकाच्या घरात मात्र ‘ब्यू’ वेगळ्याच दाराने शिरला आहे. सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या वार्षिक सभेत पार्किंगवरून किंवा पाळीव कुत्र्यावरून आवाज चढला, की कोणी तरी उठून म्हणतेच, ‘बायलॉज काय म्हणतात ते आधी बघा.’ या ‘बायलॉ’मधला ‘बाय’ म्हणजे हा ‘ब्यू’. आणि ‘लॉ’ही तिकडचाच : जुन्या नॉर्समध्ये ‘लोग’ म्हणजे जे घालून दिले ते. गावाने स्वतःसाठी घालून घेतलेला नियम, असा या जोडशब्दाचा सरळ अर्थ, आणि तेराव्या शतकाच्या अखेरीपासून तो इंग्रजीत नोंदलेला आहे. नंतर इंग्रजांना त्यातले गाव दिसेनासे झाले. ‘बाय’ म्हणजे बाजूचा, दुय्यम, अशी समजूत रूढ झाली आणि बायलॉ म्हणजे मुख्य कायद्याच्या पोटातला छोटा नियम ठरला. मराठी परिभाषेने हीच समजूत उचलली. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली सोसायट्यांना जे लागू असतात ते ‘उपविधी’, बोलीत ‘पोटनियम’. शब्दाच्या मूळ अर्थाने पाहिले, तर कुंपण आणि गुरांवरून भांडणारी ती तळ्याकाठची सभा आणि पार्किंगवरून भांडणारी ही गच्चीवरची सभा यांचे काम एकच आहे. दंडाची बियर तेवढी आपल्या उपविधींत नाही.

खुद्द नॉर्वेत याचा मोठा अवतार झाला. राजा माग्नुस याला इतिहास ‘लागाबोते’ म्हणजे कायदे दुरुस्त करणारा या नावाने ओळखतो. त्याने १२७४ मध्ये सगळ्या देशासाठी एक कायदा केला, आणि दोन वर्षांनी, १२७६ मध्ये, बर्गन शहरासाठी वेगळा. त्याला आजही ‘ब्यूलोव’ म्हणतात. लाकडी घरांच्या दाटीत आगीपासून कसे सांभाळायचे, कोणत्या कारागिराने कुठे बसून माल विकायचा, अशा गोष्टी त्यात आहेत. थोडक्यात, बायलॉज.

आज सरकारी कचेऱ्यांनी ‘ब्यू’ला मोजपट्ट्या लावल्या आहेत. डेन्मार्कचे सांख्यिकी खाते म्हणते, किमान २०० माणसे हवीत आणि दोन घरांमध्ये २०० मीटरपेक्षा जास्त मोकळी जागा नको. नॉर्वेत नगरपालिकेची लोकसंख्या ५,००० च्या वर असेल तर ती आपल्या एखाद्या वस्तीला ‘ब्यू’ जाहीर करू शकते, आणि पाटी लावायला मोकळी होते. स्वीडनने १९७१ मध्ये ‘स्ताद’ हा कायदेशीर दर्जाच काढून टाकला. सगळ्या नुसत्या ‘कोम्यून’. ग्रीनलँडमध्ये सरकारी कागदांवर मोठ्या वस्तीला ‘ब्यू’ आणि छोट्या वस्तीला ‘ब्युग्द’ म्हणण्याची रीत पडली.

पण स्वीडनच्या उत्तरेला असे ५१ ‘ब्यू’ आहेत ज्यांना यातली कोणतीही पट्टी लागू पडत नाही. त्यांना सामेब्यू म्हणतात. सामी हे तिथले मूळ रहिवासी, रेनडियरचे कळप पाळणारे. सामेब्यू म्हणजे घरांची वस्ती नव्हे. तो एक पट्टा असतो, कधी नॉर्वेच्या सीमेवरच्या डोंगरांपासून थेट बोथनियाच्या आखाताजवळच्या जंगलांपर्यंत गेलेला, आणि त्या पट्ट्यात कळप चारण्याचा हक्क असलेल्या कुटुंबांची संघटना. उन्हाळ्यात कळप डोंगरात, हिवाळ्यात बर्फाखालची लायकेन शोधत खालच्या जंगलात. सामींची स्वतःची जुनी व्यवस्था ‘सीदा’ नावाची होती. स्वीडिश कायद्याने तिच्यावर आपल्या गावाचा साचा बसवला, आधी ‘लाप्ब्यू’ या आज अपमानास्पद वाटणाऱ्या नावाने आणि १९७१ च्या कायद्यापासून ‘सामेब्यू’ म्हणून. स्वीडनमध्ये रेनडियर पाळायचे तर यातल्या एकाचे सभासद असावेच लागते.

यातलाच एक, येलिवारे भागातला गिर्यास सामेब्यू. १९९३ मध्ये सरकारने डोंगरांतली छोट्या प्राण्यांची शिकार आणि मासेमारी सर्वांना खुली केली आणि परवाने देण्याचे काम स्वतःकडे ठेवले. २००९ साली गिर्यासने सरकारला कोर्टात खेचले : या रानात शिकार कोणी करायची हे पिढ्यानपिढ्या आम्ही ठरवत आलो, आता परवाना देणारे तुम्ही कोण? खटला अकरा वर्षे चालला. सरकारी वकिलांनी बाजू मांडली, इतिहासकारांनी शेकडो वर्षांपूर्वीच्या करवसुलीच्या आणि खटल्यांच्या नोंदी उलगडल्या. २३ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की अनादी वहिवाटीने तो हक्क गिर्यासचाच आहे आणि सरकारची संमती त्याला लागत नाही. तेव्हापासून तिथे गळ टाकायचा किंवा रानपक्षी टिपायचे, तर परवाना त्या घरे नसलेल्या ‘ब्यू’कडून घ्यावा लागतो.